गुऱ्हाळावरील शिक्षण : अनुभवाचे व शास्त्राचे

दौंड तालुक्यात भांडगावच्या परिसरात उसाचे पीक घेतले जाते व त्याच्या जोडीने गुऱ्हाळेही चालतात. गुऱ्हाळावर सर्वांत जबाबदारीचे काम गुळव्याचे होय. आधण लवकर उतरले तर गूळ मऊ राहतो. उशीर झाला तर करपतो. वर्षभर राखलेल्या उसाचे मोल त्या घटकेवर ठरते. म्हणून ही विद्या नवशिक्यास कशी मिळते, याचा विचार अगत्याचा आहे.

अनुभवाचे शिक्षण

गुळव्या बहुधा कामावरच तयार होतो. आरंभी चुलवाणात जळण घालणे, मग मळी काढणे, पुढे पाकाची पारख, असे तो क्रमाने शिकतो. जाणता गुळव्या उकळत्या पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकतो व त्याची गोळी कशी बांधते ते बोटांनी ओळखतो. ही नजर वर्गात बसून येत नाही.

तथापि या पद्धतीत गुरूची चूकही शिष्याकडे जाते. रंग उजळावा म्हणून हायड्रॉस पावडर अंदाजाने टाकण्याची सवय अशीच पसरते. असा गूळ प्रथम पिवळा दिसतो. परंतु साठवणीत काळवंडतो व त्यात गंधकाचा अंश राहतो.

शास्त्राचे शिक्षण

कोल्हापूर येथे महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्र आहे. अशा संस्थांकडून कारण व प्रमाण कळते. तोडलेला ऊस पडून राहिल्यास त्यातील साखरेचे विघटन होते व गूळ नीट बसत नाही. मळी काढण्यास रानभेंडीचा चिकट रस उपयोगी पडतो. ढेपेसाठी पाक सुमारे ११८ अंश सेल्सिअसला, तर काकवीसाठी सुमारे १०५ अंशांना उतरवावा. मात्र एवढे पाठ केल्याने हात तयार होत नाही.

दोहोंची सांगड

कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वी नवशिक्यांचा छोटा वर्ग घ्यावा व हंगामात चालू गुऱ्हाळावरच प्रात्यक्षिक ठेवावे. तेथे शिक्षकाचा मान गुळव्यास द्यावा. त्याने आधण उतरवण्याचा इशारा देताच नवशिक्याने तापमापक पाहावा. ऊस तोडल्याची वेळ, चुन्याचे प्रमाण, उतरवतानाचे तापमान व गूळ कसा बसला, या चार गोष्टी दर आधणास वहीत लिहाव्यात.

गुळव्याची नजर त्याच्याबरोबरच जाते. वहीतील नोंद मात्र गावात राहते व पुढच्या हातास उपयोगी पडते. जाणते गुळवे कामावर आहेत, तोवरच ही नोंद करून घ्यावी.