बंदुकीच्या परवान्याचा अर्ज द्यायचा कुठं? द्वारकेवरून गाडी वळवायच्या आधी हे वाचा

ऊस कमरेच्या वर गेला की आमच्या निफाड तालुक्यात दोन विषय निघतात. एक बिबट्या आणि दुसरा बंदूक. शेतीची लाईट रात्रीची, मोटर चालू करायला बॅटरी घेऊन एकट्यानं जायचं, राहणं मळ्यात, घरात लहान पोरं. अशात माणूस म्हणतो, "एक परवाना काढून ठेवू." मी बातम्या देतो म्हणून फोन माझ्याकडं येतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो: अर्ज कुठं द्यायचा?

माझा चुलतभाऊ याच कामाला निघाला तेव्हा मीही सोबत होतो. द्वारका चौकात सिग्नलला गाडी थांबली आणि आमच्यातच वाद सुरू झाला. तो म्हणाला, पोलिसांचं काम आहे, आयुक्तालयात जाऊ. गंगापूर रोडला आयुक्तालयात गेलो, रांगेत थांबलो, तेव्हा कळलं की आमचं गाव ग्रामीण हद्दीत आहे, आपला अर्ज इथं चालतच नाही. अर्धा दिवस गेला. चूक आमचीच होती. कुणाला विचारलंच नव्हतं.

म्हणून आधी हद्द समजून घ्या. शस्त्र कायदा १९५९ चा, त्याखालचे सध्याचे नियम २०१६ चे. परवाना देणारा अधिकारी तुम्ही राहता त्या हद्दीवरून ठरतो. नाशिक शहर पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत घर असेल तर अर्ज पोलीस आयुक्तांकडे जातो. बाकी सगळ्या जिल्ह्याचा, म्हणजे सिन्नर, निफाड, दिंडोरी, येवला, चांदवड, नांदगाव, मालेगाव, देवळा, कळवण, बागलाण, सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी, आणि नाशिक तालुक्यातली ग्रामीण पोलिसांकडं असलेली गावं, यांचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. तिथं ते जिल्हा दंडाधिकारी म्हणून काम बघतात. मालेगाव मोठं शहर असलं तरी तिथं पोलीस आयुक्तालय नाही, त्यामुळं मालेगावकरांनाही हाच रस्ता.

म्हणजे द्वारकेला आल्यावर खेड्यातल्या माणसानं सारडा सर्कल, शालिमार करत सीबीएसकडं जायचं. जुन्या आग्रा रोडवर जिल्हाधिकारी कार्यालय आहे. तिथं गृह शाखा विचारा. शहर हद्दीतल्यानं गंगापूर रोड धरायचा.

आडगावचा घोळ वेगळाच आहे. नाशिक ग्रामीणच्या पोलीस अधीक्षकांचं कार्यालय आडगावला आहे, पण आडगाव पोलीस ठाणं मात्र शहर आयुक्तालयात मोडतं. पिंपळगाव-ओझरकडून येणारे लोक पाटी बघून तिथंच उतरतात. अधीक्षक कार्यालयाचा संबंध येतो, पण तो चौकशीपुरता. परवाना तिथून मिळत नाही. शंका असली तर सोपी खूण सांगतो. तुमच्या गावाला जे पोलीस ठाणं लागतं, ते "नाशिक शहर" की "नाशिक ग्रामीण" एवढं बीट हवालदाराला विचारा. काम झालं.

अर्ज कसा?

अर्जाचा नमुना ए-१ आहे. तो केंद्रीय गृह खात्याच्या एनडाल-एलिस या संकेतस्थळावर भरता येतो. भरून झाल्यावर त्याची प्रत काढून कागदपत्रांसह कार्यालयात द्यायची. आधार, राहण्याचा पुरावा, जन्मतारखेचा पुरावा, फोटो, शरीर-मन ठणठणीत असल्याचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र, हत्यार घरात सुरक्षित ठेवीन असं हमीपत्र, हत्यार हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र. पिकासाठी मागत असाल तर सातबारा जोडा, नुकसानीचे जुने पंचनामे असतील तर तेही जोडा. वय २१ पूर्ण पाहिजे. अर्ज दिला की आवक नंबर घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. पुढं विचारायला गेलात की पहिल्यांदा तोच मागतात.

कारणाचा रकाना मात्र विचार करून भरा. लोक दुसऱ्याचा अर्ज बघून "जीवितास धोका" असं ठोकून देतात. मग पोलीस चौकशीला येतात आणि विचारतात, धोका कुणाकडून? तेव्हा बोलती बंद होते. पिकासाठी हवी असेल तर पिकासाठी लिहा. कायद्यात त्याची वेगळी सोय आहे. कलम १३ मध्ये पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक सांगितली आहे, आणि ठासणीची पुरणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तर बारा बोअरसारखी, २० इंच किंवा त्याहून लांब नळीची बंदूकही देता येते. पिस्तूल-रिव्हॉल्व्हरचं मनात असेल तर पिकाचं कारण सांगून ते मिळायचं नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

अजून एक. "आपली दोनच एकर, आपल्याला कोण देतंय" असं म्हणणारे बरेच भेटतात. कलम १४ मध्ये स्पष्ट आहे की केवळ पुरेशी मालमत्ता नाही एवढ्यावरून परवाना नाकारता येत नाही. उलट पन्नास एकरवाल्याचाही अर्ज अडकू शकतो, आणि तो बहुतेक वेळा बांधावरून अडकतो. भावकीत भांडण झालं, पोलिसांनी चॅप्टर केस केली, शांतता राखण्याचा बाँड लिहून घेतला, तर त्या बाँडची मुदत चालू असेपर्यंत परवाना मिळत नाही. हिंसेच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्याला तर शिक्षा संपल्यावरही पाच वर्षं थांबावं लागतं. हे लपवू नका. ठाण्यात सगळं रेकॉर्ड असतं.

अर्ज गेल्यावर तुमच्या पोलीस ठाण्याकडून अहवाल मागवतात. पोलीस घरी येतात, जबाब घेतात, शेजाऱ्यांना विचारतात. नियमानं पोलिसांनी ३० दिवसांत अहवाल द्यायचा आणि तो मिळाल्यापासून ६० दिवसांत अधिकाऱ्यानं निर्णय घ्यायचा. वेळ त्यापेक्षा जास्त लागला तर आवक नंबर घालून लेखी विचारा. नाकारला तर कारण लेखी मागायचा हक्क आहे, आणि ३० दिवसांच्या आत अपील करता येतं. जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशावर अपील विभागीय आयुक्तांकडे, म्हणजे नाशिकरोडला. पोलीस आयुक्तांच्या आदेशावर असेल तर राज्य सरकारकडे.

एजंटाचं विचाराल तर माझ्या भावानं आधीच एकाला पैसे दिले होते. "साहेबांपर्यंत ओळख आहे" असं तो म्हणायचा. त्यानं करून काय दिलं, तर ऑनलाइन फॉर्म भरला, तोही चुकीच्या हद्दीत. फॉर्म भरायला मदत लागली तर गावातल्या पोराला बसवा. चौकशी तुमची होणार आहे, एजंटाची नाही.

परवाना हातात आला म्हणजे बंदूक आली असं नाही. खरेदी परवानाधारक विक्रेत्याकडूनच करायची, परवान्यावर लिहिलेल्या मुदतीत करायची, आणि घेतल्यावर हत्यार दाखवून नोंद करून घ्यायची. काडतुसं किती घ्यायची आणि परवाना कुठल्या भागापुरता चालतो, तेही त्यावरच लिहिलेलं असतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली आणि एका माणसाला जास्तीत जास्त दोनच बंदुका ठेवता येतात. त्याच दुरुस्तीत लग्नात, मिरवणुकीत हवेत बार काढणंही आलं. दुसऱ्याच्या जिवाला धोका होईल असा निष्काळजी बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. हळदीत मिरवायची हौस असणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. आणि निवडणूक लागली की हत्यार जमा करायची नोटीस येते. आली की जमा करा आणि पावती जपून ठेवा.

माळ्यावरची बंदूक

हा विषय मला नव्या परवान्यापेक्षा जास्त काळजीचा वाटतो. आपल्याकडं बऱ्याच जुन्या घरांत आजोबांची, वडिलांची बंदूक असते. म्हातारा गेला, दहावं-तेरावं झालं, बंदूक माळ्यावर तशीच. घरच्यांना वाटतं, परवाना आहे ना घरात. पण परवाना त्या माणसाच्या नावावर होता, त्याच्याबरोबर तो संपला. आता ते विनापरवाना हत्यार झालं. अशा हत्याराला दोन ते पाच वर्षं शिक्षा आहे, आणि ती म्हाताऱ्याला नाही, घरात राहणाऱ्याला होते. आमच्याच गावात एका घरात वर्ष-दीड वर्ष अशी बंदूक पडून होती. सुनेनं साफसफाईत काढली तेव्हा घरच्यांच्या लक्षात आलं.

अशी बंदूक असेल तर उशीर न करता पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडं जमा करा, पावती घ्या, आणि वारसानं आपल्या नावानं परवान्याचा अर्ज करावा. वडील हयात असतानाही हे करता येतं. त्यांचं वय ७० झालं असेल किंवा ती बंदूक त्यांच्याकडं २५ वर्षं असेल तर वारसाच्या नावानं परवाना मागता येतो. चौकशी वारसाचीही होते. भावंडं जास्त असतील तर बाकीच्यांची लेखी संमती आधीच घेऊन ठेवा. शेताची वाटणी होते, बंदुकीची होत नाही.

आता बिबट्याचं

परवाना मिळाला म्हणून बिबट्या मारता येत नाही. बंदुकीचा परवाना आणि शिकारीची परवानगी ही दोन वेगळी कागदं आहेत, दोन वेगळ्या खात्यांची. बिबट्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याची शिकार केली तर किमान तीन आणि सात वर्षांपर्यंत कैद. माणसाच्या जिवाला धोका झालेला बिबट्या मारायचा हुकूम फक्त राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात, तेही तो पकडता किंवा बेशुद्ध करता येत नसेल तर. २०२५ च्या नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडला नरभक्षक बिबट्या मारला गेला, तो वनखात्यानं परवानगी घेऊन आणलेल्या नेमबाजांनी. गावकऱ्यांचा संताप केवढा होता ते सगळ्यांनी पाहिलं, तरी गोळी घालायला परवानगी लागलीच.

अंगावर आलेल्या जनावरापासून स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना ते मेलं तर कलम ११ प्रमाणं तो गुन्हा होत नाही. पण चौकशी होते आणि मेलेलं जनावर सरकारचं असतं. शेळी नेली म्हणून रात्री उसात शिरून गोळी घातली, तर ते यात बसत नाही. रानडुक्कर, रोही पीक खातात त्यांच्यासाठीही बंदूक असून भागत नाही. वनक्षेत्रपालाकडं अर्ज करून वेगळी परवानगी काढावी लागते.

आणि खरं सांगायचं तर अंधारात, उसात, घाबरलेल्या माणसाच्या हातात बंदूक असली की मला बिबट्यापेक्षा समोरून बॅटरी घेऊन येणाऱ्या शेजाऱ्याची जास्त भीती वाटते. हे माझं मत. ज्याला पटायचं त्याला पटेल.

बिबट्या दिसला तर वनखात्याचा १९२६ हा नंबर आहे. पिंजऱ्यासाठी लेखी अर्ज वनक्षेत्रपालाकडं द्या, ग्रामपंचायतीचं पत्र जोडा. जनावर मारलं तर पंचनामा झाल्याशिवाय ते हलवू नका, नाहीतर भरपाई अडकते. माणूस गेला तर राज्य सरकारची मदत २५ लाख रुपये आहे. तो आकडा लिहिताना हात जड होतो.

माझ्या भावानं नंतर सीबीएसला जाऊन योग्य ठिकाणी अर्ज दिला. कारण पिकाचं लिहिलं, सातबारा जोडला. पोलीस चौकशी होऊन गेली, निर्णय अजून यायचा आहे. तोवर त्याच्या मळ्याजवळ वनखात्याचा पिंजरा लागलाय, आणि रात्री मोटर चालू करायला आम्ही दोघं मिळून जातो.