काळ्यात काही लाल आहे!

ऑफिसात सगळा कारभार की-बोर्डवर, पेन लागतं ते फॉर्म भरायला आणि सही ठोकायला. तरी माझ्या पर्समध्ये कायम दोन फाऊंटन पेनं असतात. डोंबिवली ते ठाणे गर्दीत चेपून ती एकदा गळली आणि शेजारणीच्या कुर्त्यावर नक्षी उमटली. तेव्हा लेडीज डब्यात जे ऐकून घ्यावं लागलं, ते इथे छापण्यासारखं नाही. पण शौक म्हणजे शौक, बॉस!

सध्या डोक्यात 'शीन'चं खूळ आहे. म्हणजे काय? शाई वाळली की कागद उजेडात तिरका धरायचा. निळ्या अक्षरांच्या कडेला लाल झाक दिसते, लाल अक्षरांवर हिरवी. फ्रान्सच्या हर्बिनने २०१० मध्ये 'रूज हेमाटाइट' आणली, २०१५ मध्ये 'एमराल्ड ऑफ शिव्होर'. या दोन शायांनी जगभरच्या पेनवेड्यांना याड लावलं.

माझी अडचण वेगळीच. ऑफिसच्या फॉर्मवर चालते फक्त काळी शाई. मग हवी अशी काळी, जी तिरकी धरली की रंग दाखवेल. ठाण्याच्या गोखले रोडपासून कल्याणच्या शिवाजी चौकापर्यंत दुकानं पालथी घातली. एक काका तर वैतागलेच, "मॅडम, काळी म्हणजे काळी. तिच्यात लाल कुठून आणू?"

शेवटी हजाराच्या वर मोजून परदेशी दौत मागवली. नुसती काळीकुट्ट!

बाबांनी किंमत विचारली. मी सांगितली. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "टिश्यू पेपर आण."

बाबांनी तीसेक वर्षं डोंबिवली एमआयडीसीतल्या रंगाच्या कारखान्यात काढली. टिश्यूच्या पट्टीवर त्यांनी शाईचा ठिपका दिला आणि पट्टीचं टोक पाण्यात बुडवलं. पाणी वर चढलं तसा ठिपका फुटला. निळा, जांभळा, पिवळट असे पट्टे वेगवेगळे झाले. "बऱ्याच काळ्या शायांमध्ये अगं तीन-चार रंगांचा एकत्र संसार असतो," बाबा म्हणाले. "त्यातला एक तरी वर येऊन बसला पाहिजे ना?"

मग खरा फंडा कळला. लहानपणी गुडघा फुटला की लावायचं ते जांभळं औषध आठवतंय? जेन्शियन व्हायलेट. वाळल्यावर त्यावर हिरवट-सोनेरी चमक यायची. तोच शीन! रंग आत न मुरता वर दाट थरात साचला की जो प्रकाश तो सर्वांत जास्त शोषतो, तोच पृष्ठभागावरून चमकून परत येतो. मॅजेंटाचे कोरडे खडेही म्हणे हिरवे चमकतात, पाण्यात टाकले की गुलाबी-जांभळे होतात. काळ्या शाईत मात्र सगळे रंग मिसळलेले, त्यामुळे एकाचाच दाट थर जमणं कठीण. आणि जुन्या पोथ्यांच्या काजळीच्या शाईसारखी कार्बनची शाई असेल, तर रंगीत झाक विसराच.

उपाय अगदी घरगुती निघाला. माळ्यावर एक जुनी काळी दौत होती, लेबल केव्हाच गळून पडलेलं. शाई आटून निम्मी आणि घट्ट झालेली. म्हणजे रंग तेवढाच, पाणी कमी. बाबांनी त्यात निब बुडवून ट्रेसिंग पेपरवर रेघ ओढली. वाळल्यावर खिडकीशी धरली, तर काय! कडेला तांबूस लाल झळाळी. सही!

तुम्हाला ट्राय करायचंय? थोडी काळी शाई वाटीत काढून दोन-चार दिवस उघडी ठेवा. ट्रेसिंग पेपर किंवा गुळगुळीत लग्नपत्रिकेची मागची बाजू घ्या, झेरॉक्सचा कागद शाई पिऊन टाकतो. घट्ट शाई पेनात भरू नका, तुंबेल. निब बुडवूनच लिहा. प्रत्येक काळी चमकेलच असं नाही. आणि चमकली तरी घामट हात लावू नका, फासली जाते. म्हणजे ऑफिसचे फॉर्म राहिलेच!

पण माझ्या डोक्यातून दुसरंच काहीतरी जात नाहीये. शाळेत ओपन डेला बाबा यायचे तेव्हा त्यांची नखं जांभळी असायची. कितीही घासली तरी. चौथीत असताना मी त्यांना सांगितलं होतं, "बाबा, हात खिशात ठेवा." त्यांनी ठेवले होते.

आमच्या गावाची रंगाशी ओळख तशी बदनामच. २०१४ मध्ये हिरव्या पावसाची बातमी झाली, २०२० मध्ये एमआयडीसीतल्या गुलाबी रस्त्याची. आम्ही जोक्स फॉरवर्ड केले. बाबा हसले नाहीत. "रंग बाहेर गेला म्हणजे कुणीतरी काम नीट केलं नाही," एवढंच म्हणाले.

आणि त्याच रंगाच्या एका झाकेसाठी मी हजार रुपये मोजले होते.

त्या ट्रेसिंग पेपरवर मी बाबांची सही घेतली. ती आता पर्समध्ये असते, पेनांच्या शेजारी. सही करताना त्यांच्या नखाला शाई लागली. मी रुमाल पुढे केला, तर म्हणाले, "राहू दे गं." हात त्यांनी टेबलावरच ठेवला होता.