पोत्यावरचा मार्का, हातावरचं नाव

नागपुरातल्या कळमन्याच्या बाजार समितीत पोत्यांची थप्पी लागली की दुरून आधी दिसतो तो मार्का. दोन-तीन जाड अक्षरं, मधे ऐसपैस जागा. तागाची वीण खरबरीत, शाई तिच्यात फुटते. नाजूक अक्षर काढलं तर गाडीत चढेपर्यंत त्याचा डाग व्हायचा. हातावर नाव गोंदवायला निघालेल्याने दुकानातला अल्बम चाळण्याआधी ही पोती बघावीत, असं माझं मत आहे.

कातडीतही शाई फुटते, फक्त सावकाश. सुई ती साधारण १-२ मिलिमीटर आत सोडते. तिथल्या पेशी तिला धरून ठेवतात, तरी वर्षागणिक रेघ रुंदावतेच. देवनागरीला हे जास्त भोवतं, कारण आपला निम्मा संसार शिरोरेघेच्या वर नाहीतर अक्षराच्या पायाशी. रफार मात्रेला चिकटतो, अनुस्वार वेलांटीत बुडतो, ‘श्रद्धा’तल्या ‘द्ध’चं पोट सगळ्यात आधी भरून जातं. त्या मानाने ‘आई’ भाग्यवान. लोक मायेपोटी गोंदवतात, पण अक्षर म्हणूनही ती निवड पक्की आहे.

कळमन्यापासून जवळच्या डिप्टी सिग्नल भागात छत्तीसगढी कुटुंबांची जुनी वस्ती आहे. त्यांच्या मुलखात, महानदीच्या काठी, १९व्या शतकाच्या अखेरीस रामनामी पंथ उभा राहिला. देवळाचं दार ज्यांना बंद होतं, त्या दलितांनी ‘राम’ हे नाव अंगावरच गोंदवून घेतलं. काहींनी तर कपाळापासून पायांपर्यंत. शैली म्हणाल तर हाताने काढलेलं साधं अक्षर, ना वळसा ना सावली. सुरकुत्या पडलेल्या चेहऱ्यावरही ते वाचता येतं.

साधं नको असेल तर बोरूचं वळण घ्यावं. टोक तिरपं छाटलेलं असल्याने एकाच अक्षरात जाड आणि बारीक रेघ येते. बारीक म्हणजे केसाएवढी मात्र नको, तीच आधी पुसट होते. हल्ली मोडीचीही हौस आहे. दिसते देखणी, पण मोडी येणाऱ्या माणसाकडूनच लिहून घ्यावी. (मोडीत ऱ्हस्व-दीर्घ सहसा पाळत नसत, तेवढी एक सोय.)

खरा घोटाळा कागदावरच होतो. ‘आशीर्वाद’चा ‘आर्शिवाद’ गाडीच्या काचेवर खपतो, काच बदलताही येते. देवनागरी न कळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘शिव’ची वेलांटी उडी मारते, जोडाक्षर फुटतं, अक्षरांत अंतर वाढवलं की शिरोरेघेचे तुकडे पडतात. छापलेला कागद घरातल्या खडूस शुद्धलेखनवाल्याला दाखवावा. त्याची कटकट त्या दिवशी ऐकून घ्यावी.

भरतीची तयारी करणाऱ्या पोरांसाठी जागाही ठरलेली आहे. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत गोंदलेलं नाव चालतं, पण डाव्या हाताच्या आतल्या बाजूला किंवा पंजाच्या पाठीवर. उजवा हात सलामीचा. आकार त्या भागाच्या पाव हिश्शाहून कमी हवा. अक्षर मोठं आणि जागा एवढीशी, म्हणजे आडनाव गळणार.

राहिली वेळ. वरची जखम भरायला दोन-तीन आठवडे लागतात. खांद्यावर पोती वाहणाऱ्याने खांदा टाळावा, आणि मिरचीच्या यार्डात काम असेल तर हंगाम उतरल्यावरच सुईखाली हात द्यावा.