जुना रिपीटर हॅम बँडवर आणताना: खरी अडचण 600 किलोहर्ट्झची

एखाद्या कारखान्यातून निघालेला जुना व्हीएचएफ रिपीटर हॅम रेडिओसाठी वापरता येतो का? येतो, अर्थात दूरसंचार विभागाच्या परवानगीने. अनेकांना वाटतं, फ्रिक्वेन्सी बदलली की झालं. पण तो सोपा भाग आहे.

रिपीटर एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि तेच त्याच क्षणी दुसरीवर बोलतो, बहुधा एकाच अँटेनावरून. व्यावसायिक सेटमध्ये या दोन फ्रिक्वेन्सींत अनेकदा काही मेगाहर्ट्झचं अंतर असतं. हॅमचा पट्टा मात्र 144 ते 146 मेगाहर्ट्झ एवढाच. तिथे प्रचलित अंतर आहे फक्त 600 किलोहर्ट्झ.

आता आकडे बघा. 25 वॅटचा ट्रान्समीटर म्हणजे +44 डीबीएम. 0.25 मायक्रोव्होल्ट ऐकणारा रिसीव्हर म्हणजे सुमारे −119 डीबीएम. फरक 163 डेसिबल! स्वतः ढोल बडवत दुसऱ्याची कुजबुज ऐकायची, असा प्रकार. रिसीव्हरचे फिल्टर थोडा भार उचलतात. उरलेलं, साधारण 80 ते 90 डेसिबल, डुप्लेक्सरला करावं लागतं. सेटसोबत आलेला छोटा डुप्लेक्सर इतक्या कमी अंतरावर पुरत नाही. मोठ्या कॅव्हिटी लागतात. 145 मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबी सुमारे 52 सेंटिमीटर, म्हणून प्रत्येक नळकांडं अर्ध्या मीटरहून उंच.

इथे नागपूरची हवा आडवी येते. जानेवारीतले 10 अंश आणि मे महिन्यातले 45 अंश, म्हणजे 35 अंशांचा फरक. कॅव्हिटीतला दांडा तांब्याचा असेल तर तो प्रसरण पावून ट्यूनिंग सुमारे 85 किलोहर्ट्झने सरकतं. 600 मधले 85 गेले तर अरुंद नॉच जागेवर राहत नाही. म्हणूनच चांगल्या कॅव्हिटीत अत्यल्प प्रसरणाचा इन्व्हार धातू वापरतात.

मग रूपांतर जमलं, हे कसं ठरवायचं? ‘आवाज छान येतोय’ हा पुरावा नव्हे. अँटेनाच्या जागी डमी लोड लावा, कपलरमधून क्षीण सिग्नल द्या. ट्रान्समीटर बंद ठेवून 12 डेसिबल सिनॅड मिळेल ती पातळी नोंदवा. मग बाकी काहीही न बदलता ट्रान्समीटर सुरू करा आणि पुन्हा मोजा. पातळी जितकी वाढवावी लागली, तितका रिपीटर बहिरा. हीच मोजणी थंडीत आणि उन्हाळ्यात, दोन्ही वेळा करा.

23 सप्टेंबर 2023 ला अंबाझरी तलाव ओसंडून नागपुरात पूर आला. अशा रात्री मोबाइल बंद पडले, तर रिपीटरवर भिस्त ठेवायची ती या दोन आकड्यांमधला फरक बघूनच.