करडीच्या हिवाळ्याला मानवणारी बाग

भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यातील करडी परिसरात हिवाळा सौम्य असतो. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान साधारण १२-१३ अंशांपर्यंत उतरते, थंडीच्या लाटेत १० अंशांच्याही खाली जाते; दुपार मात्र उबदार राहते. झाड निवडताना हा चढउतार आधी पाहावा.

शेवंती, झेंडू, अॅस्टर, पिटुनिया यांना ही हवा मानवते. पिटुनिया, अॅस्टरची रोपे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तयार केली, की थंडीत वाफे बहरतात. परसबागेत सांभार, मेथी, पालक, वाटाणा जोमाने येतात. गुलाबालाही हा काळ पोषक असतो.

मोगरा थंडीत विसावतो. त्याचे पाणी कमी करून हिवाळ्याच्या अखेरीस छाटणी केल्यास उन्हाळ्यात फुले भरपूर येतात. केळी-पपई थंडीने मरत नाहीत, पण त्यांची वाढ मंदावते. कोवळ्या रोपांना रात्री तणसाचा आडोसा द्यावा. सफरचंदाच्या पारंपरिक जातींना मात्र ७ अंशांखालील सुमारे हजार तासांची थंडी लागते. ती इथे मिळत नाही, म्हणून त्या टाळाव्यात.

हिवाळ्यात तगलेल्या झाडाला पुढे विदर्भाचा उन्हाळाही सोसायचा असतो. म्हणून बहुवर्षायू झाड निवडताना दोन्ही ऋतूंचा विचार करावा.