घरकाम हाही व्यायाम, पण कोणते काम?

‘दिवसभर राबतो, तोच आमचा व्यायाम,’ असे आपल्या घरातल्या बायका म्हणतात. आमच्या मते हे अर्धेच खरे आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्यात 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रम करावेत. त्यात घरकामही येते. सलग दहा मिनिटांची जुनी अट आता नाही. ओळखायचे कसे? काम करताना बोलता यावे, पण नात पढता येऊ नये, इतका दम लागला पाहिजे. कुदळीने झाडाला आळे करणे, फावड्याने माती ओढणे, बादल्या गच्चीवर नेणे, जोर लावून फरशी घासणे हे धरा. पोळ्या लाटताना, भाजी निवडताना कंबर भरून येते, दम लागत नाही. म्हणून थकलेल्या अम्मीलाही चालायला वेळ हवाच.

तो वेळ तिला कोण देणार? बुखारी शरीफमध्ये हजरत आयेशा (र.अ.) सांगतात की प्रेषित (स.) घरच्यांच्या कामात असत, नमाजची वेळ झाली की निघत. खंदकाच्या वेळी त्यांनी स्वतः माती वाहिली. मग कूलर धुणे, टाकी घासणे ही कामे दिवसभर दुकानात बसून शुगरच्या गोळ्या घेणाऱ्या अब्बांनी का करू नयेत? (जिमची फी भरणाऱ्या चिरंजीवांनीही!)

अकोला-अमरावतीत मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. मातीचे काम फज्रनंतर लगेच उरका. असरनंतरही अंगण तापलेलेच असते. ओझे उचलताना कमरेत नाही, गुडघ्यात वाका. छातीत दुखले किंवा गरगरले, तर काम तिथेच टाकून दवाखाना गाठा.