धातूचे बोट

विजेची उपकरणे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत एक चमत्कारिक वस्तू दृष्टीस पडते. ती वस्तू म्हणजे धातूचे एक बोट होय. मनुष्याच्या बोटाप्रमाणे त्याला सांधे असून ते सांध्यांतून काटकोनापर्यंत वाकते. त्याची जाडी १२ मिलिमीटर आणि लांबी ८० मिलिमीटर असते. हे बोट कोणत्याही देशात घडविलेले असो, त्याच्या मापांत फरक पडत नाही. कारण १९०६ साली लंडन येथे स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय विद्युत्तंत्र आयोगाने ती मापे ठरवून दिली आहेत.

नवे मिक्सरयंत्र, नवा पंखा किंवा नवी इस्त्री तपासणीसाठी आली, की परीक्षक हे बोट तिच्या प्रत्येक फटीत व छिद्रात घालून, वाकवून पाहतो. बोटाला ४० ते ५० व्होल्ट दाबावर लागणारा एक लहानसा दिवा जोडलेला असतो. आतील ज्या भागांतून एरवी वीज वाहावयाची, त्यांपैकी एखाद्याला बोट टेकले, तर दिवा लागतो. दिवा लागला की उपकरण नापास! आयोगाने मुलांच्या बोटांच्या मापाचीही निराळी, बारीक बोटे करविली आहेत. मोठ्यांचे बोट जेथे शिरत नाही तेथे मुलाचे शिरते, हे त्याचे कारण.

विजेच्या उपकरणात बोट घालू नये, हे सर्वांस ठाऊक आहे. मग इतका खटाटोप कशासाठी? ज्याला ते ठाऊक नाही असे रांगते मूल प्रत्येक घरात केव्हा ना केव्हा असते, यासाठी. शिवाय ज्याला ठाऊक आहे तोही घाईत असतो, अंधारात चाचपडत असतो, कधी त्याचे हात ओले असतात. उपकरण कसे वापरावे हे निर्माता जाणतो. परंतु लोक ते प्रत्यक्षात कसे वापरतील, याचीही कल्पना त्याला आधीच करावी लागते. हातोड्याने रेडिओ फोडणाऱ्याची जबाबदारी निर्मात्यावर टाकता येणार नाही. मात्र जी चूक सहज होण्यासारखी आहे, ती त्याने गृहीतच धरली पाहिजे.

या चुकीची किंमत फार मोठी असते. घरातील विजेचा दाब २३० व्होल्ट असतो. त्या दाबावर ६० वॅटच्या दिव्यातून सुमारे २६० मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. त्याच्या आठव्या हिश्श्याहूनही कमी, म्हणजे ३० मिलिअँपिअर प्रवाह छातीतून काही क्षण वाहत राहिला, तरी जिवाला धोका उत्पन्न होतो.

१९४२ साली, महायुद्ध चालू असतानाच, ब्रिटनमध्ये एक समिती नेमण्यात आली. युद्धानंतर बांधावयाच्या घरांत विजेची जोडणी कशी असावी, हे तिने ठरवावयाचे होते. तीत कॅरोलीन हॅस्लेट ही एकच स्त्री होती. घरकामात विजेचा उपयोग कसा होतो आणि मुले तिच्याशी कशी खेळतात, याची तिला चांगली जाण होती. सॉकेटच्या छिद्रांत मुलाने काही खुपसले तरी ते आतील विजेपर्यंत पोहोचू नये, असा आग्रह समितीच्या अहवालात उमटला. १९४७ च्या ब्रिटिश मानकात त्याला मूर्त रूप आले. सॉकेटच्या दोन छिद्रांमागे झडपा बसविण्यात आल्या. प्लगची तिसरी पिन, म्हणजे भूसंपर्काची, इतर दोहींहून लांब ठेवली. ती प्रथम आत शिरते व झडपा उघडते. मगच इतर पिनांना वाट मिळते.

भारतातील गोल पिनांच्या प्लगचे घराणे मात्र याहून जुने, तेही ब्रिटिशच. त्यातही वरची पिन लांब आणि जाड असते. लांब अशासाठी की, उपकरणाचा जमिनीशी संबंध सर्वांआधी जोडला जावा आणि सर्वांत शेवटी तुटावा. जाड अशासाठी की, ती चुकून दुसऱ्या छिद्रात जाऊ नये. आतील तार सुटून इस्त्रीच्या धातूला टेकली, तर प्रवाह या पिनेच्या वाटेने जमिनीत जातो, वितळतार वितळते आणि इस्त्री धरणारा वाचतो.

याच १९४७ साली दिल्लीत भारतीय मानक संस्था स्थापन झाली. १९८७ पासून तिचे काम भारतीय मानक ब्यूरो पाहतो. (तिचे पहिले मानक विजेचे नव्हते, राष्ट्रध्वजाचे होते!) घरगुती विद्युत् उपकरणांच्या सुरक्षिततेसाठी आयएस ३०२ हे मानक असून त्याच्या सामान्य भागातील नियम सर्वांना लागू आहेत. परंतु तेवढ्याने भागत नाही. इस्त्री हातून निसटते, आपटते. म्हणून तिला पोलादी पाटावर ४० मिलिमीटर उंचीवरून एक हजार वेळा टाकून पाहतात. पाणी तापविण्याच्या कांडीला हे भय नाही. तिचे दुखणे निराळे. ती कोरडीच चालू केली जाते, आणि पाणी तापले की नाही हे पाहण्यासाठी लोक चालू कांडीच्या बादलीत हात बुडवितात. तेव्हा योग्य मानक निवडावयाचे म्हणजे आधी विचारावयाचे: ही वस्तू कोणाच्या हाती, कोणत्या जागी आणि किती निष्काळजीपणे वापरली जाईल? आवरणावर ‘सावधान’ असे छापणे हा सर्वांत दुबळा उपाय होय. रांगणाऱ्या मुलाला अक्षरओळख नसते.

तथापि लोकांची युक्ती कित्येकदा मानककारांच्याही पुढे धावते. दोन पिनांचा प्लग झडपांच्या सॉकेटात जात नाही, असे दिसताच अनेक घरांत वरच्या छिद्रात पेन्सिल किंवा पेचकस खुपसून झडपा उघडल्या जातात. मुलांसाठी केलेली योजना अशा रीतीने मोठी माणसेच मुलांच्या देखत निकामी करतात. म्हणून काही सॉकेटांत आता निराळी रचना असते: खालच्या दोन्ही छिद्रांवर एकाच वेळी सारखा दाब पडला, तरच झडपा सरकतात. एका छिद्रात घातलेली तार आत जात नाही. पण दोन्ही छिद्रांत एकदम दोन तारा घालणारा कोणी निघणार नाही, असे कोण सांगू शकेल? भारतीय मानक ब्यूरो आपले प्रत्येक मानक निदान पाच वर्षांतून एकदा पुन्हा तपासतो; त्या वेळी या प्रश्नाचाही विचार करावा लागतो.